बेलोज ताणला की एक्स्पोजर बदलतं

दहा फ्रेमचा रोल धुऊन वाळत घातलाय. पहिल्या सहा फ्रेम खणखणीत आहेत, सावल्यांत तपशील आहे, आकाश भरलेलं आहे. शेवटच्या चार अगदी जवळून काढलेल्या, त्या मात्र पातळ. त्यांच्या सावल्यांतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल. मामिया आरबी ६७ सारखा, बेलोजवर म्हणजे घडीच्या भात्यावर लेन्स पुढेमागे सरकवणारा कॅमेरा हातात आला की असा रोल आज ना उद्या निघतोच. मग पहिला संशय लाइट मीटरवर जातो, दुसरा डेव्हलपरवर आणि तिसरा लेन्समधल्या जुन्या शटरवर. बहुतेक वेळा तिघांचाही दोष नसतो.

आधी खात्री कशी करायची ते सांगतो. या कॅमेऱ्यात लागणाऱ्या रुंद रोलच्या, म्हणजे १२० फिल्मच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात. ते आकडे नेहमीसारखे गडद उमटले असतील तर डेव्हलपमेंट ठीक झालंय. आकडे गडद आणि चित्र पातळ म्हणजे फिल्मवर प्रकाशच कमी पडला. त्यातही लांबच्या फ्रेम बरोबर आणि जवळच्या तेवढ्या पातळ असतील तर पुढे शोधायची गरज नाही. बेलोज ताणल्यामुळे कमी झालेला प्रकाश हिशेबात धरला गेला नाही, एवढाच अर्थ.

लेन्सवरचा एफ आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. हा आकडा लेन्स अनंतावर फोकस केलेली आहे असं धरून कोरलेला असतो. जवळ फोकस करायला आपण लेन्स फिल्मपासून पुढे सरकवतो. आरबीच्या पुढच्या भागात लोहाराच्या भात्यासारखा बेलोज असतो, नॉब फिरवला की तो ताणला जातो. छिद्र तेवढंच राहतं, पण त्यातून आलेला प्रकाश आता लांबवर, मोठ्या वर्तुळात पसरतो. भिंतीवर टॉर्च मारून मागे सरकत गेलात तर प्रकाशाचा गोल मोठा आणि फिका होत जातो, तसंच हे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई. वस्तू फिल्मवर आहे त्याच आकारात, म्हणजे १:१ उतरते तेव्हा लेन्स फिल्मपासून दोन फोकल लेंग्थवर असते. लेन्सवर एफ/८ लिहिलेलं दिसतं, फिल्मला मात्र एफ/१६ एवढाच प्रकाश मिळतो.

हा अंधार डोळ्यांनाही दिसतो. आरबीच्या वेस्ट लेव्हल, म्हणजे वरून खाली बघायच्या फाइंडरमध्ये बघत बेलोज पूर्ण ताणा, काच हळूहळू मंदावत जाते. फोकससाठी काचेच्या मध्यावर असलेल्या स्प्लिट इमेजचा अर्धा भाग काळा पडतो आणि फोकस बाजूच्या साध्या दुधी काचेवरच करावा लागतो. काच मंदावली ही सूचना समजावी, कारण फिल्मचंही तेच झालेलं असतं.

हिशेब सोपा आहे. लेन्स अनंताच्या जागेपासून किती मिलिमीटर पुढे आली ते मोजा, त्यात फोकल लेंग्थ मिळवा, आलेल्या बेरजेला फोकल लेंग्थने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. एक्स्पोजर तेवढ्या पटीने वाढवायचं. आरबीचा बेलोज ४६ मिमी ताणला जातो. १२७ मिमी लेन्सला पूर्ण ताणलेल्या बेलोजवर १७३ भागिले १२७ म्हणजे १.३६, त्याचा वर्ग १.८६, म्हणजे जवळपास ०.९ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तेवढाच बेलोज ९० मिमी लेन्सला २.२८ पट, म्हणजे १.२ स्टॉप खातो. १८० मिमी लेन्सला जेमतेम १.५८ पट, म्हणजे पाऊण स्टॉपही नाही. कॅमेरा तोच, नॉबही तेवढाच फिरवलेला, लेन्स मात्र बदलली. म्हणून 'क्लोजअपला एक स्टॉप जास्त द्यायचा' असं पाठ करून ठेवणं मला पटत नाही.

मोजपट्टी बेलोजला लावायला जागा नसते, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची पोकळ ट्यूब (एक्स्टेन्शन ट्यूब) असेल तर गोंधळच होतो. माझ्या मते त्याहून भरवशाची पद्धत फ्रेमवरून मोजायची. वस्तू जिथे फोकसमध्ये आहे त्याच पातळीत एक शाळेची मोजपट्टी आडवी ठेवा आणि फाइंडरमध्ये लांब बाजूला किती मिलिमीटर दिसतात ते वाचा. ६×७ च्या फ्रेमची लांब बाजू सुमारे ७० मिमी आणि आखूड ५६ मिमी असते. ६×६ ला दोन्हीकडे ५६. फ्रेमची लांबी भागिले पट्टीवर दिसलेले मिलिमीटर, हे आलं मॅग्निफिकेशन. त्यात एक मिळवा, वर्ग करा, संपलं. या पद्धतीत फोकल लेंग्थ लागत नाही, ट्यूब किती लांब आहे तेही आठवावं लागत नाही. पट्टी वस्तूच्या पुढे किंवा मागे ठेवली तर आकडा चुकतो, एवढीच काळजी घ्यायची. शॉट घेण्याआधी पट्टी काढायलाही विसरू नये.

रोज लागणारे आकडे असे. मॅग्निफिकेशन ०.१ असेल तर पाव स्टॉपच्या आसपास, ०.२५ ला दोन तृतीयांश, ०.३३ ला ०.८, ०.५ ला जवळजवळ १.२, ०.७५ ला १.६ आणि १:१ ला पूर्ण दोन स्टॉप. वस्तू फोकल लेंग्थच्या दहापट किंवा त्याहून लांब असेल तर निगेटिव्ह फिल्मवर हे सगळं सोडून दिलं तरी चालतं. ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे स्लाइड फिल्मवर नाही. तिथे तिसरा हिस्सा स्टॉपही डोळ्यांना दिसतो.

आता हे प्रत्यक्षात कसं बसतं ते एका वस्तूवर बघू. जुना पितळी अडकित्ता, साधारण १२ सेंमी लांब, खिडकीच्या उजेडात काळ्या कापडावर ठेवलेला. कॅमेरा आरबी ६७, लेन्स १२७ मिमी, फिल्म इलफोर्ड एफपी४ प्लस, आयएसओ १२५. बेलोज पूर्ण ताणूनही फ्रेममध्ये १९ सेंमी रुंदी येते, अडकित्ता लहान दिसतो. म्हणून ४५ मिमीची एक नंबरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली आणि बेलोज सुमारे १९ मिमी ताणला. पट्टीवर १४० मिमी दिसले. ७० भागिले १४०, मॅग्निफिकेशन ०.५, एक्स्पोजरचा गुणक २.२५.

अडकित्त्याची मूठ आणि पातं वेगवेगळ्या उंचीवर असतात, मधला मोर आणखी वर. या मॅग्निफिकेशनला एफ/२२ वर जेमतेम १३ मिमी खोली धारदार मिळते, म्हणून एफ/२२ सोडून चालणार नाही. एफ/११ ला ती निम्मीच होईल. एफ/२२ चा खरा परिणाम इथे एफ/३३ इतका आहे, त्यामुळे आणखी बंद करत गेलात तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने सगळंच किंचित मऊ होऊ लागतं. ट्यूब लावलेली असताना एफ/३२ ला मी सहसा हात लावू नका असंच सांगेन.

पितळेवर स्पॉट मीटर धरला तर चकाकीवर एक वाचन येतं, काळवंडलेल्या कोपऱ्यावर भलतंच. त्यामुळे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणारा, पांढऱ्या घुमटाचा इन्सिडंट मीटर अडकित्त्याजवळ धरून घुमट लेन्सकडे वळवायचा. कॅमेरा जागेवर असतानाच मोजायचं, कारण लेन्सपासून वस्तू ३८ सेंमीवर आहे आणि आरबीसारखा ठोकळा एवढ्या जवळ आला की त्याचीच सावली पडते. कॅमेरा बाजूला असताना घेतलेलं वाचन अर्धा स्टॉप सहज फसवतं. समजा मीटर म्हणाला एफ/२२ वर २ सेकंद.

दोन गुणिले २.२५ म्हणजे ४.५ सेकंद. पण अजून काम संपलेलं नाही. एका सेकंदाच्या पुढे फिल्म सुस्तावते, रेसिप्रॉसिटीचा हिशेब वेगळा धरावा लागतो. इलफोर्ड त्यासाठी घातांक देतं: एफपी४ प्लसला १.२६, एचपी५ प्लसला १.३१, डेल्टा १०० ला १.२६, पॅन एफ प्लसला १.३३, डेल्टा ४०० ला १.४१. सेकंदांचा तेवढा घात काढायचा, फोनच्या कॅल्क्युलेटरवर तो येतो. ४.५ चा १.२६ घात म्हणजे ६.६ सेकंद, आपण साडेसहा धरू. मीटरचे २ सेकंद जसेच्या तसे दिले असते तर निगेटिव्ह पावणेदोन स्टॉप अंडर झाली असती. काळ्या कापडाचा पोत आणि मुठीखालची सावली पूर्ण गेली असती.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बेलोजचा गुणाकार, मग रेसिप्रॉसिटी. उलट केलं तर २ सेकंदांचे २.४ होतात आणि २.२५ ने गुणून ५.४ येतात, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा स्टॉप कमी. ज्या फिल्मला रेसिप्रॉसिटी जास्त लागते तिथे हा फरक वाढतो. फूजी ॲक्रॉस १०० II ला १२० सेकंदांपर्यंत दुरुस्तीच लागत नाही, त्यामुळे अशा कामाला ती फार सोयीची. पोर्ट्रा आणि एक्टार या आपल्या रंगीत निगेटिव्ह फिल्मसाठी कोडॅक एका सेकंदापर्यंतच निश्चिंत राहायला सांगतं.

आरबीच्या शटरवर सर्वात हळू वेग १ सेकंद, पुढे टी, म्हणजे आपण बंद करेपर्यंत शटर उघडंच. टी वर उघडलेलं शटर बंद करायला स्पीडची रिंग फिरवावी लागते आणि तेवढ्यात कॅमेरा हलतो. त्यावर उपाय काळ्या कार्डबोर्डचा. लेन्सवरचा मिररचा नॉब एन वरून एम वर न्या, केबल रिलीज लेन्सच्या सॉकेटला लावा, बॉडीचं बटण दाबून आरसा वर घ्या. कार्ड लेन्सपुढे धरा पण टेकवू नका. केबल दाबून शटर उघडा, दोनतीन सेकंद थरथर शांत होऊ द्या, कार्ड बाजूला घ्या, साडेसहा सेकंद मोजा, कार्ड परत धरा आणि मगच रिंग फिरवा. सेकंद मनात मोजण्यापेक्षा फोनवरचं टिकटिक करणारं मेट्रोनोम ॲप ६० वर लावलेलं बरं.

वस्तू हलणारी असेल, समजा आंब्याचा मोहोर, तर वेळ वाढवून उपयोग नाही. मग ॲपर्चर उघडावं लागतं किंवा वेगवान फिल्म घ्यावी लागते. काही जण मीटरवर आयएसओच बदलतात, ४०० ची फिल्म असताना एका स्टॉपसाठी २०० लावतात. पद्धत चुकीची नाही. पण पुढची फ्रेम लांबची असली आणि आकडा तसाच राहिला तर ती ओव्हर होते. शिवाय मॅग्निफिकेशन प्रत्येक फ्रेमला बदलत असतं. मी वहीत फ्रेमशेजारी गुणक लिहिण्याच्या बाजूचा आहे.

आरबीच्या बाजूला लेन्सनिहाय रेषांची पाटी असते, तिच्यावरून अंतर आणि एक्स्पोजरची वाढ वाचता येते. मामिया सी३३० या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात फोकस जवळ आणाल तशी फाइंडरमध्ये एक खूण सरकते, ती पॅरालॅक्स, म्हणजे बघायच्या आणि फोटो काढायच्या लेन्सच्या दृश्यातला फरकही दाखवते आणि वाढीचा आकडाही. या पाट्या चांगल्या आहेत, फक्त दोन गोष्टी बघाव्यात. एक, आकडा पट आहे की स्टॉप. २ पट म्हणजे एक स्टॉप, आणि २ स्टॉप म्हणजे चौपट. इथे चुकणारे खूप. दुसरं, मध्ये ट्यूब घातली की बॉडीवरच्या पाटीला त्या ट्यूबचा पत्ता नसतो.

हॅसलब्लाडला बेलोज नाही, तिथे ट्यूबचं गणित करायचं. ८० मिमी प्लानार लेन्स अनंतावर ठेवून ८ मिमीची ट्यूब लावली तर पाव स्टॉपच्या आसपास, १६ ला अर्धा, ३२ ला जवळजवळ एक, ५६ ला दीड. लोक चुकतात ते लेन्सच्या स्वतःच्या सरकण्यात. हीच लेन्स ०.९ मीटरवर फोकस केली की स्वतःच सुमारे ९ मिमी पुढे येते. म्हणजे ३२ च्या ट्यूबबरोबर एकूण ४१ मिमी, आणि एकाऐवजी १.२ स्टॉप.

रोलाय किंवा याशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यांना पुढे स्क्रू किंवा बायोनेटने लावायच्या क्लोजअप काचा मिळतात, रोलायच्या काचांना रोलाइनार म्हणतात. त्यांना काही वाढवायचं नाही. काच पुढे लागते, लेन्स फिल्मपासून जास्त लांब जात नाही, त्यामुळे प्रकाश पसरत नाही. याशिका मॅट १२४ जी नुसती एक मीटरवर फोकस केली तरी पाव स्टॉपच लागतो. त्या कॅमेऱ्यावर जवळची फ्रेम पातळ आली तर कारण दुसरीकडे शोधावं.

लेन्समधून आलेला प्रकाश मोजणारा प्रिझम फाइंडर असेल तर बेलोजचा हिशेब त्याच्या वाचनातच आलेला असतो. त्यावर पुन्हा गुणाकार केला तर फ्रेम एक ते दोन स्टॉप ओव्हर होते. अशा फ्रेमची निगेटिव्ह काळीभोर निघते आणि स्कॅनमध्ये दाणा वर येतो. रेसिप्रॉसिटी मात्र प्रिझमला कळत नाही, ती तुम्हीच लावायची. आणखी एक, आयपीसमधून मागचा उजेड आत शिरला तर मंद काचेवर तो मीटरला मोठा वाटतो. मोजताना डोळा पूर्ण टेकवा किंवा आयपीस हाताने झाका.

आरबीच्या ५० आणि ६५ मिमी लेन्सवर वरचं सूत्र किंचित जास्त एक्स्पोजर सुचवतं. आरशाला जागा हवी म्हणून या लेन्स रेट्रोफोकस, म्हणजे फिल्मपासून मुद्दाम लांब राहणाऱ्या बांधणीच्या आहेत. लेन्स हातात घेऊन एफ/८ वर छिद्र आधी पुढून आणि मग मागून बघा. मागून दिसणारा गोल पुढच्याहून बराच मोठा असेल तर वाढ थोडी कमी लागते. मागचा गोल पुढच्याच्या दीडपट असेल तर ०.५ मॅग्निफिकेशनला १.१७ ऐवजी ०.८३ स्टॉप पुरतो. निगेटिव्हवर हा फरक सोडून द्या. स्लाइडवर सूत्राचा एक आणि तिसरा हिस्सा स्टॉप कमी असा एक, असे दोन शॉट घ्या. टेलिफोटो बांधणीच्या लेन्सला हेच उलटं, थोडं जास्त.

फ्लॅशवर काम करणाऱ्यांची एक चूक वेगळी आहे. शटरची वेळ वाढवून फ्लॅशचा प्रकाश वाढत नाही, कारण फ्लॅश शटर उघडं असतानाच्या एका क्षणात संपतो. फ्लॅशमीटर एफ/१६ म्हणाला आणि तुम्ही १:१ वर असाल, तर एकतर एफ/८ लावा नाहीतर फ्लॅशची ताकद चौपट करा. तेवढी ताकद नसेल तर खोली अंधारी करून शटर टी वर उघडं ठेवा आणि फ्लॅश टेस्ट बटणाने चार वेळा मारा. दर वेळी तो पूर्ण चार्ज होऊ द्यायचा.

कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावला असेल, जुन्या फोटोची कॉपी करताना लावतात तसा, तर लेन्सच्या वजनाने बेलोज हळूहळू खाली घसरतो. फोकसही जातो आणि मॅग्निफिकेशनही बदलतं. फोकस लॉक करा आणि लॉक केल्यावर पट्टी पुन्हा वाचा.

शेवटी एक उलटं लक्षण. जवळच्या फ्रेम पातळ न होता धुरकट येत असतील, सावल्यांत राखाडी पडदा असेल, तर बेलोजला भोकं असू शकतात. मिटलेल्या घडीत ती झाकली जातात आणि ताणल्यावर उघडतात, म्हणून लांबच्या फ्रेम स्वच्छ आणि जवळच्या खराब. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पेटीत बंद राहिलेल्या कॅमेऱ्यांच्या बेलोजची घडी दमट हवेने कडक होते आणि कोपऱ्यांवर तडकते. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, लेन्स काढा, बेलोज पूर्ण ताणा, छोटी एलईडी टॉर्च आत घालून घड्यांच्या कोपऱ्यांवर हळूहळू फिरवा आणि बाहेरून बघा. ताऱ्यासारखा ठिपका दिसला की तिथे खडूने खूण करा. एखाददुसरं टाचणीएवढं भोक काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतं. अगदी पातळ थर, बेलोज ताणलेला ठेवून रात्रभर वाळवायचा आणि मिटण्याआधी टॉर्चने परत तपासायचं. रंग जाड झाला तर घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी नॉब फिरवताना तिथेच फाटतात. ठिपके चारपाचहून जास्त असतील तर रंगाच्या नादी न लागता बेलोजच बदलून घ्या.